एमआरआय करता येत नाही, तेव्हा मणका सीटीवर कसा वाचायचा

मणक्यात जंतुसंसर्गाची शंका आली की एमआरआय करायचा, यावर डॉक्टरांत दुमत नाही. हाडाच्या मज्जेला सूज आली की ती एमआरआयवर लवकर कळते. सीटीवर ती सूज दिसत नाही. हाड प्रत्यक्ष कुरतडलं जाऊ लागलं की मगच सीटीला काही सापडतं. साधा एक्स-रे त्याहून मागे. मणक्यातलं ३० ते ५० टक्के खनिज गेल्याशिवाय त्यावर खड्डा उमटत नाही. म्हणून या आजारात सीटीला दुसरा नंबर मिळतो आणि तो योग्यच आहे. पण पहिल्या नंबराची तपासणी ज्यांना करताच येत नाही अशीही माणसं असतात. हे प्रकरण त्यातल्या एकाचं.

आधीच सांगतो, हा रुग्ण म्हणजे एकच एक माणूस नाही. अशा रुग्णांच्या फायलींत पुन्हा पुन्हा भेटणारे तपशील जुळवून तो उभा केला आहे. त्याच्या अंगावरचे आकडे उदाहरणादाखल आहेत; आजाराबद्दल आणि तपासण्यांबद्दल जे लिहिलंय ते मात्र खरं आहे.

वय ६८. सातारा जिल्ह्यातले निवृत्त एसटी कंडक्टर. घरी दोन गाई, धार काढायचं काम अजून स्वतःकडे. २००९ मध्ये पेसमेकर बसवला. २०१८ मध्ये बॅटरी संपत आली म्हणून डबी बदलली, तेव्हा एक वायर खराब निघाली. डॉक्टरांनी नवी वायर टाकली आणि जुनी शिरेतच राहू दिली, कारण इतक्या वर्षांत आत घट्ट चिकटलेली वायर ओढून काढणं स्वतःच जोखमीचं असतं. पुढची सगळी गोष्ट या सोडून दिलेल्या वायरीमुळे वळली.

गणपतीच्या आसपास कमरेच्या वर, पाठीत कळ सुरू झाली. गावातल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, मालिश झालं, कुणीतरी "मणक्यात गॅप पडलाय" असं निदानही करून टाकलं. आपल्याकडे या गॅपच्या पोटात सगळंच मावतं: झीज, सरकलेली गादी, दबलेली नस, आणि कधीकधी क्षयही. दिवाळीनंतर दुखणं डाव्या कुशीकडे उतरलं. मुतखडा असेल म्हणून सीटी केयूबी, म्हणजे मूत्रपिंड ते मूत्राशयापर्यंतचा सीटी झाला. रिपोर्ट आला, खडा नाही. लघवीत थोड्या पेशी होत्या म्हणून दहा दिवस लिव्होफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक दिलं गेलं. बारीक ताप थांबला, काकांना बरं वाटलं, घरच्यांनी सुटकेचा श्वास सोडला. पंधरवड्यात सगळं परत आलं.

लिव्होफ्लॉक्सासिन हे क्षयाच्या जंतूवरही काही प्रमाणात चालतं. एकट्या त्याने क्षय बरा होत नाही, पण लक्षणं काही काळ दबतात आणि निदान लांबतं. तापाला, खोकल्याला, लघवीच्या जळजळीला हे औषध आपल्याकडे फार सैल हाताने लिहिलं जातं. त्याची किंमत अशा रुग्णांत कळते.

जानेवारीत काका जिल्ह्याच्या गावी ऑर्थोपेडिक डॉक्टरांकडे आले तेव्हा वजन ६१ वरून ५४ किलोवर उतरलं होतं. भूक मेली होती, संध्याकाळी अंगात कसकस. डॉक्टरांनी विचारलं, "काका, आडवं झाल्यावर दुखणं थांबतं का?"

"कुठलं थांबतंय! रात्री तर जास्तच. कूस बदलायची म्हटली की जीव जातो."

पाठदुखीत मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे उत्तर. झिजेची पाठ बहुधा विश्रांती घेतली की निवळते. झोपूनही छळणारी, रात्री उठवणारी पाठ, सोबत वजन उतरणं आणि ताप, हे एकत्र आलं की संसर्ग किंवा गाठ नाही असं सिद्ध होईपर्यंत तेच धरून चालायचं. तपासताना पाठीच्या मधोमध एका जागी हाताने ठोकलं की काका कळवळत. पायांत ताकद पूर्ण होती, लघवीवर ताबा होता. पुढचं सगळं शांतपणे करता आलं ते यामुळे. पाय लुळे पडत असते तर इथे लिहिलेला क्रम मोडून त्याच रात्री सर्जनकडे जावं लागलं असतं.

रक्तात ईएसआर ७८, सीआरपी ३४ (शरीरात कुठेतरी दाह आहे हे सांगणारे हे दोन्ही आकडे वाढलेले), हिमोग्लोबिन १०.२. पांढऱ्या पेशी मात्र ७,८००, म्हणजे अगदी सरळ. हे बघून "पेशी वाढलेल्या नाहीत, मग इन्फेक्शन कसलं" असं म्हणणारे भेटतात. मणक्याच्या क्षयात पेशी बऱ्याचदा वाढतच नाहीत.

आता एमआरआय. पेसमेकर म्हणजे एमआरआय बंद, हा नियम पूर्वीइतका कडक राहिलेला नाही. गेल्या काही वर्षांत एमआरआय चालेल असे पेसमेकर आले आहेत, आणि जुन्या पेसमेकरवरही हृदयरोगतज्ज्ञ शेजारी उभा ठेवून, पेसमेकरची सेटिंग बदलून, १.५ टेस्लाच्या मशीनवर एमआरआय केला जातो. पण कशालाही न जोडलेली, नुसती पडून असलेली वायर चुंबकाच्या लहरींत तापू शकते, म्हणून बहुतेक केंद्रं तिथे नाही म्हणतात. इथेही नाहीच म्हटलं गेलं. अशा वेळी पेट-सीटी, गॅलियम किंवा बोन स्कॅन (या तिन्हींत किरणोत्सारी औषध शिरेतून देतात) आणि सीटी हे पर्याय उरतात. पेट-सीटी उत्तम, पण त्यासाठी पुणे गाठायचं आणि खर्चही मोठा. सीटी दाराशी होता.

आणि प्रश्न नुसता "संसर्ग आहे का" इतका साधा नव्हता. चार संशयित समोर होते. पहिला अर्थातच क्षय. हाडांच्या क्षयापैकी जवळपास निम्मा मणक्यात असतो आणि आपल्या देशात त्याला कधीच विसरायचं नसतं. दुसरा स्टॅफिलोकॉकससारखा पू करणारा जंतू. पेसमेकरच्या वायरीवर तो घर करून बसला असेल आणि रक्तातून मणक्यात उतरला असेल, तर नुसता मणका बरा करून भागत नाही, सगळा पेसमेकर वायरींसकट काढावा लागतो. तिसरा ब्रुसेला, जनावरांचा जंतू. गाईंची धार काढणाऱ्या, कच्चं दूध पिणाऱ्या माणसात तो विचारावाच लागतो. चौथा संसर्ग नव्हेच, कर्करोगाची पसरलेली गाठ. चौघांवर उपचार चार वेगळे, आणि एकाचा उपचार दुसऱ्याला पुरत नाही.

मूत्रपिंड ठीक आहे ना हे सांगणारं क्रिएटिनिन बघून शिरेतून आयोडीनचं औषध देऊन सीटी झाला. एक मिलिमीटरहून पातळ काप घेऊन ते उभे-आडवे पुन्हा जुळवले. अशा सीटीत साधारण ६ मिलिसिव्हर्ट किरणोत्सर्ग अंगावर येतो. निसर्गातून माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिळतो. ६८ व्या वर्षी, इतक्या गंभीर शंकेपुढे, हा हिशेब अडवण्याजोगा नाही.

चित्र असं होतं. कमरेच्या पहिल्या आणि दुसऱ्या मणक्याच्या समोरासमोरच्या कडा पुढच्या बाजूने खाल्लेल्या. तिथलं हाड नुसतं विरघळलेलं नव्हतं, त्याचा बिस्किटासारखा चुरा झाला होता आणि बारीक तुकडे भोवतीच्या मऊ भागात विखुरले होते. मणक्याच्या क्षयात सीटीवर हाडाची नासाडी चार तऱ्हांनी दिसते, त्यात ही तुकड्यांची तऱ्हा सर्वात जास्त आढळते. दोन मणक्यांमधली गादी दबली होती पण पुरती गेली नव्हती. स्टॅफिलोकॉकस गादी लवकर फस्त करतो, कारण प्रथिनं विरघळवणारे विकर (एन्झाइम) त्याच्याकडे असतात. क्षयाच्या जंतूकडे ते नसतात, म्हणून गादी त्याच्या तडाख्यात उशिरा सापडते. गादीत हवा दिसत नव्हती. झिजलेल्या गादीत अनेकदा वायूची काळी रेघ दिसते, आणि ती दिसली तर संसर्गाचा संशय बराच खाली येतो. ती इथे नव्हती, म्हणजे "वयाची झीज आहे" म्हणून विषय मिटवायची सोय राहिली नाही.

मणक्याच्या मागच्या कमानी आणि पेडिकल, म्हणजे त्या कमानी मणक्याला जोडणारे हाडाचे दांडे, शाबूत होते. कर्करोग बहुधा पेडिकल धरतो आणि गादी सोडतो. इथे नेमकं उलटं. ब्रुसेला बहुतेकदा खाली, कमरेच्या चौथ्या मणक्याजवळ बसतो आणि मणक्याचा आकार फारसा मोडत नाही. त्याचंही गणित इथे जुळत नव्हतं.

खरी खूण हाडात नव्हती. ती हाडाच्या शेजारी, डाव्या सोअस स्नायूत होती. मणक्यापासून मांडीपर्यंत उतरणारा हा स्नायू उजव्यापेक्षा चांगलाच फुगला होता. आत पातळ द्रव, घनता २२ हाउन्सफिल्ड. भोवती बारीक, सारख्या जाडीची कड, जी शिरेतल्या औषधाने उजळली होती. पू करणाऱ्या जंतूंच्या गळवाची कड बहुधा जाड आणि ओबडधोबड असते. आणि त्या द्रवात चुन्याचे, म्हणजे साठलेल्या कॅल्शियमचे दोन-तीन कण. गळवातला चुना दिसला की अनुभवी रेडिओलॉजिस्ट क्षय सोडून दुसरं नाव सहसा घेत नाही, आणि तो चुना दाखवण्यात सीटी एमआरआयपेक्षा सरस आहे. एमआरआयवर असे कण सहज निसटतात. दुसऱ्या नंबरच्या तपासणीचा हा मान कुणी काढून घेऊ नये.

ही घनता मोजायची पट्टी ज्यांच्या नावाने ओळखली जाते ते गॉडफ्रे हाउन्सफिल्ड डॉक्टर नव्हते, इंग्लंडमधले अभियंता होते. पाण्याला शून्य, हवेला उणे हजार, आणि हाड शेकड्यांपासून हजाराच्या वर. १ ऑक्टोबर १९७१ ला लंडनच्या अ‍ॅटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात त्यांच्या यंत्रावर पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा स्कॅन झाला, १९७९ मध्ये अ‍ॅलन कॉर्मॅक यांच्यासोबत नोबेल मिळालं. ही पट्टी हाताशी आहे म्हणून २२ म्हणजे पू, आणि दीडशे-दोनशेच्या पुढचा ठिपका म्हणजे चुना, असं आकड्यात बोलता येतं.

जे दिसत नव्हतं तेही रिपोर्टात लिहिलं गेलं. मणक्याच्या मागच्या कडेने नळीत थोडा मऊ भाग सरकल्यासारखा वाटत होता. तो किती, आणि मज्जारज्जूच्या टोकाला दाबतो का, हे सीटीवर छातीठोक सांगता येत नाही. कण्यातल्या द्रवात औषध सोडून सीटी मायलोग्राम करता आला असता, पण संसर्गाच्या शेजारून सुई घालून जंतू आत पोचवायचा धोका नको होता, आणि पाय ठणठणीत होते. तेव्हा रोज दोन वेळा पायांची ताकद आणि बधिरपणा तपासायचा असं ठरलं. हे काम कुठलंही मशीन करत नाही.

मुलाने पिशवीतून नोव्हेंबरच्या सीटी केयूबीची सीडी काढून दिली तेव्हा त्या प्रतिमा पुन्हा उघडल्या. खड्यासाठी काढलेल्या पोटाच्या सीटीत कमरेचे पाचही मणके असतातच. बोन विंडो, म्हणजे हाड ठळक दाखवणारी सेटिंग लावून उभा छेद घेतला तर पहिल्या मणक्याच्या खालच्या कडेला पुढच्या बाजूने एक छोटा खळगा होता आणि डावा सोअस किंचित भरलेला. दोन महिन्यांत तो खळगा कुठवर गेला ते शेजारी ठेवून मोजता आलं. त्या वेळच्या रिपोर्टाला दोष द्यावा असं मला वाटत नाही. खडा शोधणारा सीटी कमी किरणांत, शिरेत औषध न देता होतो, आणि कागदावर प्रश्न एकच लिहिलेला असतो: खडा आहे का? "रात्री पाठ दुखते, वजन उतरतंय" एवढी एक ओळ त्या कागदावर असती तर बघणाऱ्याची नजर मणक्याकडे वळली असती. दुसरी अडचण फिल्मची. मोठ्या प्लॅस्टिकच्या कागदावर मोजके काप छापून मिळतात, त्यात बोन विंडो नसते, उभा छेद नसतो. सीडी मागून घ्यावी ती यासाठी.

तरीही सीटीने दिला तो संशयच, पुरावा नव्हे. "टीबीच दिसतोय, गोळ्या सुरू करून टाकू" हा मोह इथे मोठा असतो, आणि क्षयाचं प्रमाण जिथे जास्त तिथे तो अगदीच अडाणी म्हणता येत नाही. पण औषधाला न जुमानणारा क्षयही आपल्याकडे आहे, आणि या रुग्णाच्या छातीत वायरी होत्या. नमुना घेतल्याशिवाय एकही अँटिबायोटिक द्यायचं नाही असं ठरलं. लिव्होफ्लॉक्सासिन थांबवून बरेच आठवडे झाले होते, ते सोयीचंच. जंतू उगवतो का ते बघायला रक्ताचे कल्चर वेगवेगळ्या जागांहून तीनदा घेतले, तिन्ही कोरे. अन्ननलिकेतून केलेल्या इकोत वायरींवर काही चिकटलेलं दिसलं नाही. ब्रुसेलाची चाचणी निगेटिव्ह. छातीचा एक्स-रे स्वच्छ.

एक्स-रे स्वच्छ म्हटल्यावर मुलगा म्हणाला, "खोकला नाही, छाती चांगली, मग टीबी कसा असेल? आणि सुई घातली की आजार पसरतो म्हणतात." मणक्याच्या क्षयात बऱ्याच जणांची छाती स्वच्छच असते, जंतू कधीतरी फुफ्फुसातून रक्तात जाऊन हाडात दबून बसलेला असतो. अशा वेळी अमिताभ बच्चन यांचं उदाहरण कामी येतं. आपल्याला २००० मध्ये मणक्याचा क्षय झाला होता हे त्यांनी स्वतः जाहीर सांगितलेलं आहे. मुलाचा चेहरा थोडा सैल झाला. सुईने आजार पसरण्याबद्दल मात्र वेगळं समजवावं लागलं: सुई न घालता चुकीचं औषध चालू ठेवलं तर तो निश्चित पसरतो.

काकांना चालू असलेलं रक्त पातळ ठेवणारं औषध क्लोपिडोग्रेल हृदयरोगतज्ज्ञांना विचारून पाच दिवस बंद ठेवलं आणि बायोप्सी सीटीवरच केली. काका पालथे, जागे, जागा बधिर केलेली. सीटीवर त्वचेपासून मणक्यापर्यंतचं अंतर आणि कोन मोजून दुसऱ्या मणक्याच्या डाव्या पेडिकलमधून सुई पुढे गेली. प्रत्येक टप्प्यावर एक-दोन काप घेऊन टोक कुठे आहे ते बघायचं. खाल्लेल्या कडेतून हाडाचे तीन तुकडे निघाले. मग दुसऱ्या सुईने सोअसमधला पू, साधारण १५ मिलिलिटर. नुसता पू घेऊन थांबणं सोपं असतं, पण पॅथॉलॉजीला ऊतक लागतं, म्हणून दोन्ही.

इथे एका गोष्टीवर मी जरा रेंगाळतो, कारण चांगली बायोप्सी वाया जाते ती बहुधा टेबलावर नव्हे, बाटलीत. सवयीने सगळे तुकडे फॉर्मॅलिनमध्ये टाकले जातात. फॉर्मॅलिनमध्ये जंतू मरतो. मग कल्चर होत नाही आणि कुठल्या औषधाला तो दाद देतो हे कधीच कळत नाही. फॉर्मॅलिनची बाटली फक्त हिस्टोपॅथॉलॉजीसाठी, म्हणजे ऊतक सूक्ष्मदर्शकाखाली बघण्यासाठी. बाकीचं निर्जंतुक सलाइनमध्ये: सीबीनॅट (क्षयाच्या जंतूचा डीएनए शोधणारी झटपट चाचणी), क्षयाचं द्रव कल्चर, साधं कल्चर, बुरशीचं कल्चर. बाटल्यांवर नावं सुई घालण्याआधी लिहून ठेवली होती, आणि नमुना घेऊन मुलगा स्वतः प्रयोगशाळेत गेला.

सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसला नाही. हाडाच्या क्षयात जंतू संख्येने कमी असतात, त्यामुळे हे अपेक्षितच. सीबीनॅटचा निकाल दुसऱ्या दिवशी हातात आला: क्षयाचा जंतू आहे, प्रमाण कमी, क्षयाचं मुख्य औषध रिफॅम्पिसिन याला प्रतिकार नाही. आठवड्याने हिस्टोपॅथॉलॉजीत ग्रॅन्युलोमा, म्हणजे जंतूभोवती जमलेल्या पेशींच्या बारीक गाठी, आणि मधोमध मृत भाग. साधं कल्चर कोरं. द्रव कल्चर ४२ दिवसांपर्यंत ठेवतात. यांचं चोविसाव्या दिवशी उगवलं, आणि आयसोनियाझिड या क्षयाच्या दुसऱ्या औषधालाही दाद देणारं निघालं. वायरींवरचा संशय उतरला, पेसमेकर जागच्या जागी राहिला.

क्षयरुग्णांच्या नोंदीसाठी असलेल्या सरकारी निक्षय पोर्टलवर नोंद झाली. खासगी डॉक्टरांनाही ती २०१२ पासून बंधनकारक आहे. पहिले दोन महिने चार औषधं, पुढे दहा महिने तीन. फुफ्फुसाच्या क्षयाला सहा महिने पुरतात हे ऐकून असलेले नातेवाईक सहाव्या महिन्यात गोळ्या बंद करायला निघतात, म्हणून बारा महिन्यांचा आकडा फायलीच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहिला होता. पोषणाचे दरमहा हजार रुपये खात्यात येऊ लागले. २०२४ च्या नोव्हेंबरपर्यंत ते पाचशे होते. पाठीला आधार देणारा टेलर ब्रेस नावाचा पट्टा. ऑपरेशन लागलं नाही: पायांत अधूपणा नव्हता, पाठीला बाक मोठा नव्हता, आणि सोअसमधलं गळू औषधाने आटू लागलं.

त्रास झाला तो दुसरीकडून. रिफॅम्पिसिन यकृताला इतर औषधं भराभर मोडायला लावतं. ब्लडप्रेशरच्या ज्या गोळ्यांवर काकांचं वर्षानुवर्षं ठीक चाललं होतं त्या जणू गोळ्याच नाहीत अशा झाल्या, आणि तिसऱ्या आठवड्यात प्रेशर १७० वर गेलं. औषधं आणि डोस बदलून ते आवरलं. बारा महिने संपून रिफॅम्पिसिन थांबेल तेव्हा हाच प्रकार उलट्या दिशेने होणार, प्रेशर पुढच्या काही आठवड्यांत उतरणार, तेव्हा त्या तारखेची नोंद हृदयरोगतज्ज्ञांच्या कागदावरही करून ठेवली आहे.

पहिल्या दोन-तीन महिन्यांत पुन्हा सीटी काढायचा आग्रह घरच्यांनी धरला होता. तो मानला नाही. या काळात औषध नीट चालू असूनही हाड आणखी खाल्लेलं दिसू शकतं आणि सगळे विनाकारण घाबरतात. भूक, वजन, रात्रीची झोप आणि ईएसआर यांवरून जास्त कळतं. सहाव्या महिन्यात सीटी केला तेव्हा खाल्लेल्या कडा टणक, पांढऱ्या आणि रेखीव झाल्या होत्या, सोअसमध्ये चुन्याच्या कणांभोवती चिंचोळी पोकळी तेवढी उरली होती. वजन ५९. ईएसआर २२. दोन मणके पुढच्या बाजूने एकमेकांना जुळू लागलेत, आणि तिथे थोडा बाक कायमचा राहील हे काकांना सांगितलं आहे. धार काढायला बसायची परवानगी अजून दिलेली नाही. तूर्त ते काम सूनबाईंकडे आहे.

पेसमेकरची बॅटरी येत्या दोनेक वर्षांत पुन्हा बदलावी लागेल. त्या वेळी पडून असलेली वायर काढायची की तशीच ठेवायची हे हृदयरोगतज्ज्ञ ठरवतील. तोवर काकांच्या फायलीत सहाव्या महिन्याची सीडी ठेवली आहे, नोव्हेंबरच्या खड्याच्या सीडीसोबत. पुढे कधी पाठ दुखलीच तर तुलनेला तीच हाताशी असेल.